काटा मध्यावरच, तरी पाणी उकळतं : टेम्परेचर गेज निवडताना, बसवताना आणि वाचताना

"भाऊ, काटा तर अर्ध्यावरच होता, मग पाण्याच्या बाटलीतून वाफ कशी आली?" एप्रिल लागला की नाशिकच्या गॅरेजांत हा प्रश्न सारखा कानावर येतो. कोणी कसारा घाट चढून इगतपुरीपाशी थांबलेलं असतं, कोणी नांदुरीहून सप्तशृंग गडावर निघालेलं असतं, कोणी कांद्याची पिकअप घेऊन राहुड घाटात अडकलेलं असतं. गोष्ट एकाच वळणाची असते. रेडिएटर धुऊन झाला, इंजिन गार ठेवणारं कुलंट बदललं, एकाने थर्मोस्टॅट (पाणी पुरेसं तापल्यावरच रेडिएटरकडे जाऊ देणारी झडप) काढून टाकला, दुसऱ्याने फॅन डायरेक्ट केला, म्हणजे सतत चालू राहील असा जोडला, काही दिवस बरे गेले आणि पुढच्या घाटात गाडीने पुन्हा हीट मारली.

अशी तक्रार दुसऱ्यांदा आली की आणखी एक पार्ट बदलण्याआधी गाडीत अंशात आकडा दाखवणारं गेज बसवा, असं मी आग्रहाने सांगतो. गाडी कधी तापते, किती झपाट्याने तापते आणि काय केलं की उतरते, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत दोष सापडतो. कंपनीच्या काट्यावर ही उत्तरं मिळत नाहीत. आकडा नसताना केलेली दुरुस्ती म्हणजे अंदाजाने बदललेले पार्ट, आणि त्याचे पैसे गाडीवाल्याच्या खिशातून जातात.

कंपनीचा काटा काय लपवतो

आजच्या बहुतेक गाड्यांमध्ये काटा थेट सेन्सरवर चालत नाही. ईसीयू, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, सेन्सर वाचतो, आणि मीटरमध्ये काटा कुठे ठेवायचा ते प्रोग्रॅम ठरवतो. साधारण ७५ अंशांपासून १०५ च्या आसपासपर्यंत काटा मुद्दाम मध्यावर धरून ठेवलेला असतो. काटा जरा हलला की गिऱ्हाईक घाबरून सर्व्हिस सेंटरला येतं, म्हणून कंपन्यांनी ही सोय केली. पण त्यामुळे ८८ वर चालणारं इंजिन आणि १०४ वर कसंबसं तगलेलं इंजिन काट्यावर सारखंच दिसतं. काटा हलायला लागतो तेव्हा तुमच्या हातात फार वेळ उरलेला नसतो. अनेक छोट्या गाड्यांत तर काटाही नाही. थंड इंजिनाला निळा दिवा आणि धोक्याला लाल दिवा, एवढंच.

जुन्या गाड्यांचा बायमेटलचा (तापून वाकणाऱ्या, दोन धातूंच्या पट्टीवर चालणारा) काटा वेगळ्या कारणाने फसवतो. त्याला व्होल्टेज १० वर स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर लागतो. तो बिघडला की टेम्परेचर आणि डिझेल, दोन्ही काटे एकाच वेळी वर दाखवायला लागतात. दोन्ही काटे जोडीने चुकत असतील तर रेडिएटरला हात लावू नका, आधी स्टॅबिलायझर पाहा.

आता १०० च्या आकड्याबद्दल, कारण गेज नवं बसलं की गाडीवाला त्यालाच घाबरतो. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे, त्यामुळे आपल्याकडे उघड्या भांड्यातलं साधं पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं. गडावर त्याहून दोनेक अंश खाली. पण गाडीतलं पाणी उघडं नसतं. ०.९ बारचं झाकण धड असेल तर उकळण्याचा बिंदू वीसेक अंशांनी वर जातो, आणि निम्मं कुलंट, निम्मं डिस्टिल्ड पाणी असेल तर आणखी काही अंशांनी. म्हणून मे महिन्यात एसी चालू ठेवून चढ चढताना १०० ते १०३ दिसणं बऱ्याच गाड्यांत नेहमीचं आहे. याची दुसरी बाजूही लक्षात घ्या. गेजवर ९९-१०० असतानाच बाटलीत खदखद सुरू होत असेल, तर इंजिन जास्त तापलेलं नाही, झाकण दाब धरत नाहीये. झाकणाचं रबर आणि स्प्रिंग तपासा किंवा त्याच दाबाचं नवं झाकण लावा. जास्त दाबाचं लावू नका, नाहीतर जुने होज (पाण्याचे रबरी पाइप) आणि रेडिएटरच्या प्लॅस्टिकच्या टाक्या फुटतात.

कोणतं गेज घ्यावं

२०१३ नंतरची गाडी असेल तर आधी ओबीडीने, म्हणजे गाडीच्या संगणकातली माहिती वाचण्याच्या सोयीने, सुरुवात करा. स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचा अॅडॅप्टर लावला की मोबाइलवर कुलंटचं तापमान अंशात दिसतं. कुठे भोक नाही, कापाकापी नाही. डॅशबोर्डवर कायम बसणारे छोटे ओबीडी डिस्प्लेही मिळतात. त्यात ठरावीक आकड्याला बझर वाजतो, आणि घाटात मोबाइलकडे बघण्यापेक्षा ते केव्हाही बरं. गाडी चार-पाच दिवस उभी राहणार असेल तर अॅडॅप्टर काढून ठेवा, काही स्वस्त अॅडॅप्टर बॅटरी पीत बसतात.

ओबीडीची मर्यादा अशी की तो कंपनीच्याच सेन्सरवर विसंबून असतो. सेन्सर खोटं बोलला तर मोबाइलही खोटं बोलणार. त्याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी सुरू न करता फक्त चावी फिरवा. कुलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान, दोन्ही वाचा. रात्रभरात दोन्ही एका पातळीवर आलेले असायला हवेत, दोन-चार अंशांचा फरक चालतो. एक २२ आणि दुसरा ३८ दाखवत असेल तर दोनांपैकी एक सेन्सर गेलेला आहे.

जुन्या जीप, पिकअप, ओबीडी नसलेल्या डिझेल गाड्या, यांच्यासाठी दोन पर्याय उरतात. मेकॅनिकल गेजमध्ये एक छोटा बल्ब असतो, त्यातून बारीक तांब्याची नळी थेट मीटरपर्यंत जाते, आणि आतल्या द्रवाच्या वाफेच्या दाबावर काटा फिरतो. बॅटरी नको, अर्थ (बॅटरीच्या मायनसकडे जाणारी बॉडीची जोडणी) नको, वायरिंगचा दोष नाही. वर्षानुवर्षं खरा आकडा देणारं हेच गेज आहे, असं माझं मत आहे. पण नळी कापता येत नाही, जोडता येत नाही, आणि एकदा मुडपली की गेज बाद. उरलेली नळी मोठ्या वेटोळ्यात सैल बांधा, सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब ठेवा, आणि फायरवॉलमधलं (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्यातलं) भोक बल्ब आणि नट पार होईल एवढं करून त्यात रबरी ग्रोमेट बसवा.

इलेक्ट्रिकल गेज बाजारात सगळ्यात जास्त मिळतं, बहुधा ५२ मिलिमीटरच्या गोल आकारात. ते घेताना एकच नियम पाळा: मीटर आणि सेंडर (इंजिनात बसून तापमान मोजणारा भाग) एकाच पेटीतले हवेत. प्रत्येक मीटर ठरावीक रेझिस्टन्सच्या सेंडरसाठी बनलेला असतो. आटे जुळले, बसला, म्हणून दुसऱ्याचा सेंडर लावला की आकडा दहा-पंधरा अंशांनी चुकतो आणि तुम्हाला ते कळतही नाही. गाडीच्या मूळ सेंडरवरूनच वायर काढून नव्या मीटरला देण्याचाही मोह होतो. तसं केलं तर जुना काटा आणि नवा काटा दोन्ही चुकतात. डायलवर ८० ते १२० हा भाग पसरट असावा. ४० ते १५० अशा दाटीवाटीच्या डायलवर ९५ आणि १०३ मधला फरक चालत्या गाडीत डोळ्याला समजत नाही. बझर असलेलं मॉडेल मिळत असेल तर थोडे पैसे जास्त गेले तरी तेच घ्या.

सेंडर कुठे बसला, त्यावर सगळं

चांगलं गेज चुकीच्या जागी बसवल्यामुळे जेवढी दिशाभूल होते तेवढी स्वस्त गेजमुळे होत नाही. सेंडर इंजिनाच्या बाजूला हवा, म्हणजे हेडमधून (इंजिनाच्या वरच्या भागातून) गरम पाणी बाहेर पडतं तिथे, थर्मोस्टॅटच्या आधी. बऱ्याच इंजिनांत थर्मोस्टॅट हाउसिंगजवळ किंवा हेडच्या टोकाला बुच लावलेलं भोक आधीच असतं. आटे बहुधा १/८ एनपीटी, एम १० किंवा एम १२ चे असतात. अॅल्युमिनियमच्या हेडमध्ये चुकीच्या आट्यांचा सेंडर जोर लावून फिरवला तर हेडचे आटे जातात आणि काम कितीतरी पटींनी महाग होतं. हाताने तीन-चार फेरे सहज बसला पाहिजे, मगच पाना लावा.

हेडवर जागाच नसेल तर वरचा होज कापून त्यात अॅल्युमिनियमचा अॅडॅप्टर टाकतात. चालतं, पण त्याचा स्वभाव ओळखून ठेवा. वरच्या होजला पाणी थर्मोस्टॅट उघडल्यावर येतं, तोवर गेज ४०-५० वर बसून राहील आणि मग एकदम उडी मारेल. तो दोष नाही. पण थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला तर हेड भाजत असताना हे गेज थंड दाखवेल, हा या जागेचा खरा धोका. काही नव्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या तोंडाशी असतो, तिथे वरच्या होजमधला सेंडर जवळपास हेडचाच आकडा देतो. म्हणून आधी आपल्या इंजिनात थर्मोस्टॅट कोणत्या बाजूला आहे ते पाहा. खालच्या होजमध्ये सेंडर कधीच नको. तिथे रेडिएटरमधून निवून आलेलं पाणी असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पाण्याचा सेंडर पाण्यात बुडालेला असेल तरच पाण्याचं तापमान सांगतो. होज फुटला, पाणी गेलं, आणि सेंडर हवेत उघडा पडला की आकडा खाली येतो. इंजिन आत भाजत असतं आणि गेजवर ११० वरून ८५, ८० असं उतरताना दिसतं. "उतरलं बघ दादा, आता जाऊ दे" म्हणून गाडी पुढे हाकली जाते आणि हेड वाकतं. चढावर, कोणतंही कारण नसताना आकडा झपकन पडला, तर तो वाढण्यापेक्षा जास्त धोक्याचा समजा. त्याच क्षणी हीटर चालू करून पाहा. गार हवा आली तर पाणी गेलेलं आहे. गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद.

ज्यांची गाडी रोज ओझं घेऊन घाटात जाते त्यांनी हेडच्या एखाद्या बोल्टखाली बसणारा रिंगसारखा सेन्सर आणि त्याचा बझर जोडून घ्यावा. तो धातूचं तापमान मोजतो, त्यामुळे पाणी असो वा नसो, ओरडतो. कोणता बोल्ट चालेल ते मेकॅनिकला विचारा. हेड गॅसकेट (हेड आणि ब्लॉकमधला सील) दाबून धरणारे मुख्य बोल्ट त्यासाठी सोडायचे नाहीत.

अर्थ आणि वायरिंग

एका वायरचा सेंडर स्वतःच्या आट्यांमधून अर्थ घेतो. गळती नको म्हणून त्यावर भरपूर टेफ्लॉन टेप गुंडाळली की अर्थ कमकुवत होतो आणि आकडा कमी दिसतो. एनपीटी आटे निमुळते असतात, ते आपोआप घट्ट बसतात. सीलंट लावायचंच तर पहिले एक-दोन आटे सोडून अगदी थोडं. होजमधला अॅडॅप्टर तर दोन्ही बाजूंनी रबरात अडकलेला असतो, त्याला अर्थ मुळीच नाही. त्याच्या अंगावर स्क्रू असतो, तिथून वेगळी वायर थेट इंजिनाच्या ब्लॉकला द्या.

मीटरला सप्लाय चावीनंतरच्या लाइनवरून, छोटा फ्यूज टाकून. अर्थ डॅशबोर्डच्या कुठल्याही स्क्रूला नको, रंग खरवडलेल्या उघड्या पत्र्याला द्या. परीक्षा अशी: गरम इंजिनावर हेडलाइट, ब्लोअर, मागची काच तापवणारं बटण एकेक करून लावा. लाइट लावताच आकडा तीन-चार अंशांनी हलत असेल तर पाण्याचं तापमान बदललेलं नाही, अर्थ खराब आहे. कित्येकदा दोष इंजिन आणि बॉडीमधल्या अर्थच्या पट्टीचा निघतो, आणि ती बदलली की गाडीचे इतरही दोन-तीन आजार जातात.

एका वायरच्या गेजमध्ये काटा चावी फिरवताच टोकाला जात असेल तर वायर कुठेतरी बॉडीला लागते आहे. काटा तळालाच राहत असेल तर वायर तुटली किंवा सुटली आहे. सेंडरची वायर काढून क्षणभर ब्लॉकला टेकवा. काटा वर धावला तर मीटर आणि वायर ठीक, सेंडर गेलेला. हा प्रयोग फक्त अशा जुन्या एका वायरच्या गेजवर करा, ईसीयूच्या दोन वायरच्या सेन्सरवर करू नका.

बसवण्याआधी उकळत्या पाण्याची परीक्षा

सेंडर गाडीत लावण्याआधी मीटर, सेंडर आणि बॅटरी टेबलावर जोडा. सेंडरच्या अंगाला वायर बांधून ती बॅटरीच्या मायनसला द्या. पातेल्यात पाणी उकळत ठेवा, सेंडर तळाला न टेकता लोंबता सोडा, सोबत थर्मामीटर. नाशिकला पाणी उकळताना ९८ च्या आसपास दिसायला हवं. १०० ची वाट बघू नका. मग गॅस बंद करून पाणी निवताना ९०, ८० आणि ७० ला दोन्हींची तुलना करा. दोन-तीन अंशांचा फरक असेल तर तो मीटरच्या कडेला लिहून ठेवा आणि पुढे चला. आठ-दहा अंशांचा असेल तर जोडी परत करा.

गाडीचा मूळ सेन्सर तपासायचा असेल तर मल्टिमीटरने रेझिस्टन्स मोजा. तापमान वाढलं की तो घटतो. बऱ्याच गाड्यांच्या दोन पिनांच्या सेन्सरमध्ये २० अंशांना सुमारे २५०० ओहम, ८० ला ३०० च्या आसपास आणि १०० ला २०० च्या खाली मिळतो. आपल्या मॉडेलचा अचूक तक्ता सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतो. मोजताना वायर हलवून पाहा, आकडा उड्या मारत असेल तर कनेक्टरच्या पिना सैल आहेत.

इन्फ्रारेड गनने हाउसिंगचं तापमान घेणाऱ्यांना एक सांगणं. चकचकीत अॅल्युमिनियमवर गन बरंच कमी दाखवते. त्या जागी काळी टेप चिकटवा आणि टेपवर मारा.

आकड्यांवरून दोष शोधणं

आधी निरोगी गाडी कशी वागते ते पाहू. थंड इंजिन सुरू केल्यावर आकडा सरळ चढत जातो. थर्मोस्टॅटवर ८२ किंवा ८८ असा अंक कोरलेला असतो, त्याच्या जवळपास आला की थोडा थबकतो, एखाद-दुसरा अंश खाली येतो आणि स्थिरावतो. गाडी उभी ठेवली तर ९५ ते १०० च्या दरम्यान फॅन लागतो, आकडा पाच-सात अंश उतरतो, फॅन बंद होतो, पुन्हा चढतो. कागदावर काढला तर करवतीच्या दातांसारखा आलेख होईल. हे दात एकसारखे असतील तर फॅन, रिले, सेन्सर आणि थर्मोस्टॅट चौघेही कामावर आहेत.

द्वारका चौकात किंवा मुंबई नाक्याला सिग्नलवर चढतो, आणि आडगावच्या पुढे हायवेला लागलं की उतरतो, अशी गाडी असेल तर हवेचा दोष आहे. फॅन मोटर, रिले, फ्यूज पाहा. दोन स्पीडचा फॅन असेल तर कमी स्पीडचा रेझिस्टर जळलेला असतो, आणि फॅन थेट १०५ च्या पुढे जोरात लागतो. जीप-पिकअपमध्ये विस्कस फॅन असतो, म्हणजे इंजिनाच्या जोरावर, द्रव भरलेल्या कपलिंगमधून फिरणारा. गरम इंजिन बंद करून, चावी काढून हाताने पातं फिरवा. अडखळत फिरलं पाहिजे. भिंगरीसारखं मोकळं फिरत राहिलं तर कपलिंग गेलं. फॅनभोवतीचा प्लॅस्टिकचा साचा, ज्याला श्राउड म्हणतात, तो अपघातानंतर काढून टाकलेला असतो तेव्हाही असंच होतं. आणि एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत टॉर्च मारा. शेतातल्या रस्त्याने फिरणाऱ्या गाडीत तिथे धूळ, भुसा आणि किड्यांचा गादीसारखा थर बसतो, समोरून तो दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने बाहेरच्या दिशेला हलक्या पाण्याने धुवा. प्रेशर वॉशर जवळ धरला तर जाळीचे पापुद्रे दुमडतात.

याच्या उलट, गावात ९० वर शांत आणि कसारा घाट चढायला लागलं की मिनिटाला दोन-तीन अंश वर, असं असेल तर पाण्याचा प्रवाह कमी पडतोय. कसाऱ्यापासून इगतपुरीपर्यंत जवळजवळ ३०० मीटरचा चढ आहे, तिथे रेडिएटरची खरी परीक्षा होते. रेडिएटरच्या नळ्या आतून चुन्याने बुजलेल्या असतात, आणि त्याला कारण बहुधा बोअरचं पाणी. बाटलीतली पातळी कमी दिसली की मळ्यातल्या नळाला पाइप लावून भरलं, असं वर्षभर चालतं. गरम इंजिनावर, टेप लावून, रेडिएटरच्या जाळीवर इन्फ्रारेड गन फिरवा. मध्येच गार पट्टे सापडले तर तिथल्या नळ्या बंद आहेत. वॉटर बॉडीची (पाणी फिरवणाऱ्या पंपाची) पातीही साध्या पाण्याने झिजतात. बाहेरून बॉडी कोरडी, बेल्ट फिरतोय, पण आत पाणी ढकललं जात नाही. आणखी एक जागा हमखास सुटते. खालचा होज. मदतनिसाला इंजिन ३००० आरपीएमला धरायला सांगा आणि होजकडे बघा. आतली स्प्रिंग गंजून गेली असेल तर होज चपटा होतो आणि पाणी अडतं. घाटात जोर लावताना तो चपटा होतो, गॅरेजमध्ये आयडलला फुगलेला आणि निर्दोष दिसतो.

थर्मोस्टॅट उघडा अडकल्याचं लक्षण कोणी तक्रार म्हणून आणत नाही, कारण गाडी तापत नाही. डिसेंबरच्या सकाळी निफाडकडे पारा दहाच्या खूप खाली येतो, तेव्हा हायवेला आकडा ६५-७० वर रेंगाळतो. इंजिन स्वतःला थंड समजून जास्त इंधन मागतं, ॲव्हरेज पडतो, ऑइलमध्ये ओल साचते. हे आकड्याशिवाय कधीच कळलं नसतं.

नुकतंच कुलंट बदललं आहे आणि आकडा ८८ वरून १०२, पुन्हा ९०, असा उड्या मारतोय, तर आत हवा अडकली आहे. गाडीचं तोंड चढावर ठेवा, थंड इंजिनावर भरायला सुरुवात करा, हीटर पूर्ण गरमवर, हवा काढण्याचा स्क्रू असेल तर उघडा, आणि दोनदा फॅन लागून बंद होईपर्यंत आयडलला चालवा. मग गार झाल्यावर पातळी पुन्हा भरा. हवा नीट काढूनही उड्या थांबत नसतील, थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरात होज दगडासारखा टणक होत असेल, बाटलीत बुडबुडे थांबतच नसतील, आणि गळती कुठे नसताना पाणी कमी होत असेल, तर हेड गॅसकेटमधून सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. त्याची निळ्या द्रवाची चाचणी होते. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढतात, आणि गॅस असेल तर निळा पिवळट होतो. हेड उघडण्याआधी ही चाचणी करून घ्या, असा हट्ट धरा.

दोन उपाय, ज्यांनी दोष झाकला जातो

थर्मोस्टॅट काढून टाकणं आणि फॅन डायरेक्ट करणं. आपल्याकडे हे दोन्ही सर्रास होतं, आणि मला ते मनापासून खटकतं. कित्येक इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो. तो काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरकडे न जाता इंजिनातच फिरत राहतो, आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. फॅन डायरेक्ट केला की खरा बिघाड, म्हणजे पाच मिनिटांत बदलता येणारा रिले किंवा सेन्सर, तसाच राहतो आणि फॅन मोटर अकाली जळते, तीही नेमकी उन्हाळ्यात. घाटातून घरी पोहोचण्यापुरता फॅन डायरेक्ट केला तर गोष्ट वेगळी. दुसऱ्या दिवशी तो पूर्ववत झालाच पाहिजे.

घाटात आकडा चढला तर

बझर १०५ ला लावा. वाजला की एसी बंद आणि एक गिअर खाली, इंजिनाला ओढायला लावू नका. ११० ला हीटर आणि ब्लोअर पूर्ण, काचा खाली, आणि थांबायला सुरक्षित जागा शोधा. वळणावर नको. ११५ च्या पुढे गाडी चालवायची नाही. थांबल्यावर पाणी जाग्यावर असेल आणि आकडा उतरत असेल तर आयडलला चालू ठेवा, पाणी फिरत राहतं. वाफ येत असेल किंवा आकडा झपकन पडला असेल तर लगेच बंद. बंद केल्यावर पहिली काही मिनिटं आकडा उलट चढेल, कारण फिरणं थांबलं की हेडची उष्णता जागच्या पाण्यात उतरते. त्याने गडबडून जाऊ नका. झाकणाला अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही, आणि ब्लॉकवर गार पाणी ओतायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, झाकण उघडून पातळी पाहा, ऑइलची डिपस्टिक काढून त्यावर दुधाळ फेस आहे का बघा, आणि सुरू करून पहिल्या मिनिटात होज दाबून पाहा. आदल्या दिवशी आकडा १२० पर्यंत गेला असेल तर यांतलं काही दिसलं नाही तरी पुढचे आठ दिवस रोज सकाळी पातळी मोजा. पातळी गळतीशिवाय घटत गेली तर हेड उघडावं लागेल. तेव्हा फक्त गॅसकेट बदलून बसवू देऊ नका. टर्नरकडे हेड सरळ पट्टीवर तपासून घ्या, वाकलं असेल तर घासून घ्या, आणि हेड उघडंच आहे तर बुच लावलेल्या भोकाचे आटे साफ करून सेंडर त्याच वेळी बसवून घ्या.